कागदावर चार, मशीनवर पाच

समजा, तुमच्या हातात बोटभर रुंदीची एक पट्टी आहे. तिच्यावर सहा चौकोन, दुधाळ रंगापासून गडद तपकिरीपर्यंत. समोरच्या खुर्चीत एक बाई बसली आहे. तुम्ही ती पट्टी तिच्या जबड्याखाली, मग दंडाच्या आतल्या बाजूला धरायची, कोणता चौकोन कातडीत मिसळून जातो ते बघायचं आणि तो आकडा तिच्यासमोर मोठ्याने बोलून फॉर्मवर लिहायचा. एवढंच काम. बाई तुमच्या तोंडाकडे बघते आहे, आणि आकडा आहे पाच. म्हणाल?

पट्टीवाली पहिल्या आठवड्यात म्हणाली होती. चेहऱ्यावरचे नको असलेले केस लेझरने काढायच्या त्या दवाखान्यात ती नुकतीच लागली होती. प्रशिक्षणात पहिला नंबर, उत्साह उतू चाललेला. तिने खणखणीत आवाजात "पाच!" म्हटलं आणि खुर्चीतल्या बाईचं तोंड एवढंसं झालं. "एवढी का हो मी?" असं काहीतरी ती पुटपुटली, पर्स उचलून गेली, ती परत आलीच नाही.

त्यानंतर पट्टीवालीने स्वतःपुरती एक युक्ती काढली. तोंडाने म्हणायचं चार, फॉर्मवर लिहायचं चार. बाई खूश. मशीन लावताना मात्र पाचचं बटण दाबायचं. ते चुकवून चालणारच नव्हतं. लेझरचा उजेड केसातल्या काळ्या रंगाला पकडतो आणि केस मुळापाशी जाळतो, पण तोच रंग कातडीतही असतो. कातडी जितकी गडद, तितका उजेड ती स्वतःच पिऊन टाकते आणि भाजते. म्हणून पाचला जोर कमी आणि दोन झटक्यांमधला वेळ जास्त. हे सगळं तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. कागदावर चार, मशीनवर पाच. साडेतीन वर्षं कुणाला एक ओरखडा उठला नाही, कारण तिच्या बायकांना तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी हात लावलाच नव्हता.

मग आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं आणि तिने दोन दिवस रजा घेतली.

त्या दोन दिवसांत तिच्या बायका वहिनींकडे गेल्या. वहिनी म्हणजे दवाखान्यातल्या जुन्या कंपाउंडरची बायको, म्हणून सगळ्यांचीच वहिनी. चाळिशी उलटल्यावर हे काम शिकलेली, त्यामुळे धास्तावलेली. प्रत्येक फॉर्म दोनदा वाचणार, बोट ठेवून. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई चौथ्या खेपेला आल्या, वहिनींनी फॉर्म दोनदा वाचला, चार आकडा बघितला आणि चारचं बटण दाबलं. बाईंना चटका नेहमीपेक्षा जास्त जाणवला, पण आज हात नवा आहे असं समजून त्या दात आवळून पडून राहिल्या.

पट्टीवाली कामावर परतली त्या सकाळी शाळेतल्या बाई डॉक्टरबाईंच्या खोलीत बसल्या होत्या. जबड्याच्या कडेने हनुवटीपर्यंत नऊ तपकिरी चौकोन, मशीनच्या तोंडाच्या मापाचे, फरशी बसवावी तसे ओळीने. पट्टीवालीने दारातून एकदाच बघितलं. कोणत्या आकड्याचं बटण दाबलं गेलं, ते तिला कुणी सांगावं लागलं नाही.

बाई गेल्यावर डॉक्टरबाईंचा आवाज बाहेरपर्यंत आला.

"दोनाचे चार डोळे आहेत ना तुम्हाला? ही कातडी चारची दिसते?"

"फॉर्मवर चारच होतं हो मॅडम. मी दोनदा वाचलं."

"फॉर्म वाचायचा आणि माणूसही बघायचा! आधीच्या तीन खेपांना काही झालं नाही, तुमच्याच हातून कसं झालं? एक तारखेपासून येऊ नका."

पट्टीवाली त्या वेळी कपाटापाशी उभी राहून टॉवेलांच्या घड्या घालत होती. तीन पावलांवर दार होतं. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. तिने घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं, आज सांगू. डॉक्टरबाईंच्या खोलीत पेशंट होते. संध्याकाळी त्या घाईत होत्या. सबब शोधायची म्हटली की सापडतेच. खरं तर तिला आतून वाटत होतं की वहिनींनीच जरा भांडावं, तिच्यावर बोट दाखवावं. मग कबूल करणं सोपं गेलं असतं. पण वहिनी डबा खाताना तिलाच म्हणाल्या, "तुमच्या हातचं बरोबरच असणार हो. माझंच काहीतरी चुकलं. पाचाचा चार दिसला असेल मला."

आणि जेवणाच्या सुटीत त्या समोरच्या रस्त्यावर चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळे तपासून आल्या. घाम पुसत, जरा ओशाळून म्हणाल्या, "नंबर तोच आहे म्हणतो तो. मग कसं काय झालं असेल हो?"

पट्टीवालीने डबा बंद केला. तिने पाणी प्यायचं निमित्त केलं आणि बेसिनपाशी जाऊन नळ नुसताच सोडून उभी राहिली.

घरी आईच्या डोळ्यावरचं झाकण त्याच दिवशी निघालं होतं. आई खिडकीत बसून सगळं नव्याने बघत होती. पडदा निळा आहे, तिला इतकी वर्षं हिरवट वाटायचा. भिंतीला पोपडे आले आहेत. मग लेक आत आली तशी ती तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

"अगं, तू तर माझ्याहून काळी आहेस की!"

"आई!"

"आई काय आई? आतापर्यंत पिवळट काचेतून बघितल्यासारखं दिसायचं. आज दिसतेस तशी." आईने तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "नाक अगदी तुझ्या आत्याचं. तेही आजच कळलं. जा, चहा टाक. मला जास्त दूध घालू नकोस."

चहा उकळताना पट्टीवाली वाट बघत होती, आता वाईट वाटेल, मग वाटेल. वाटलंच नाही. आईच्या बोलण्यात काही खोट नव्हती, पडद्याच्या रंगाइतकंच ते सरळ होतं. आणि तिच्या डोळ्यांसमोर त्या सगळ्या बायका आल्या, ज्यांना तिने इतकी वर्षं असं सरळ काही सांगितलंच नव्हतं. जणू त्यांना काही आजार आहे आणि तो त्यांच्यापासून लपवायचा आहे. ती स्वतः पाचच होती! चहा उतू गेला.

सकाळी डॉक्टरबाई पर्स ठेवत होत्या तेवढ्यात ती आत गेली आणि तिने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. डॉक्टरबाईंना आधी कळलंच नाही.

"म्हणजे मुद्दाम? येत असून चुकीचं लिहिलंस?"

"हो मॅडम."

"किती जणींचं?"

"आठवत नाही."

डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि फॉर्मांच्या कपाटाकडे नजर टाकली. मग म्हणाल्या, "आधी जाऊन वहिनींना सांग. मी नाही सांगणार."

वहिनींनी ऐकून घेतलं. "दोन दिवस माझ्यासमोर बसून जेवलात हो तुम्ही," एवढंच म्हणाल्या आणि मशीन पुसायला गेल्या. त्यांची नोकरी राहिली. पण "तुमच्या हातचं बरोबरच असणार" हे वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही.

पट्टीवालीला मशीनवरून उठवून फोनवर बसवलं. एकेक फॉर्म काढायचा, त्या बाईला बोलवायचं, नव्याने पट्टी लावायची आणि खरा आकडा मोठ्याने बोलायचा. "तुमचा पाच आहे, मी चार लिहिला होता. माझी चूक झाली." एकीने बोलावणं ऐकूनच फोन आपटला. एक म्हणाली, "पाच? बरं. मग?" दुसरी हसून म्हणाली, "मला वाटलंच होतं, चारमध्ये मी कुठून बसले!"

शाळेतल्या बाईंना मात्र तिने फोन केला नाही. समोर बसून सांगितलं.

 बाई शेवटी म्हणाल्या, "मी रोज सकाळी आरशात बघते. तुला वाटलं, मला माझा रंग ठाऊक नाही?"

"तसं नाही बाई. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"माझ्या रंगाचं वाईट तुला वाटत होतं. मला नाही."

 पट्टीवालीने मलमाची नळी उघडून दाखवली. गडद कातडीवर भाजलेलं भरून येतं, पण त्याची सावली रेंगाळते, सहा महिने, कधी वर्षभर. घासायचं नाही, लिंबूबिंबू चोळायचं नाही, उन्हाचं क्रीम दिवसातून दोनदा. साधं क्रीम लावलं तर तोंडाला राख फासल्यासारखं दिसतं, म्हणून तिने त्यांच्या रंगात मिसळणारं शोधून आणलं होतं, पाचाच्या चौकोनाशी ताडून.

बाई आता दर महिन्याला डाग दाखवायला येतात. डॉक्टरबाई फोटो काढतात. फोटोत चौकोन फिकट होत चालले आहेत, त्यात शंका नाही. पट्टीवाली फक्त नोंद करते. गेल्या खेपेला तिने धीर करून विचारलं, "वर्गात मुलं काही म्हणतात का?"

"आधी विचारायची, बाई, तुमच्या तोंडावर चौकट कुणी काढली? आता नाही विचारत," बाई म्हणाल्या. म्हणाल्या आणि पर्समध्ये किल्ली शोधू लागल्या. किल्ली वरच होती.

पट्टीवालीने तारीख लिहिली, सही घेतली, दारापर्यंत सोडलं. तेव्हापासून तिच्या मनात एकच गोष्ट घोळते आहे, आणि विचारायला तोंड उघडत नाही. मुलांनी खरंच विचारणं सोडलं आहे, की मला वाईट वाटू नये म्हणून बाईंनी तसं सांगितलं?