वरातीची बोट मागे जाते

लिव्हर पुढे ढकलला आणि बोट मागे गेली. पुन्हा ढकलला, पुन्हा मागे. जेट्टीवरून जनार्दनशेठ माझ्याकडे असे बघत होते, जणू बोटीला हे मीच शिकवलं होतं.

मी आऊटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो. म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवलेलं इंजिन. वर्कशॉप रबाळ्याला, पण निम्मा जन्म खाडीच्या चिखलात गेला. शेठ नेरूळचे; त्या सकाळी स्वतः बोट चालवून बघायला गेले, ती मागे गेली, म्हणून मला बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाची वरात याच बोटीतून उरणकडे, नवरीच्या गावी जायची होती. दहानंतर पाणी उतरलं की जेट्टीपाशी नुसता चिखल. तोवर बोट निघाली नाही तर मुहूर्त गेला.

लिव्हरच्या डब्यातून इंजिनापर्यंत दोन केबल जातात. सायकलच्या ब्रेकसारख्याच, बाहेर नळी, आत तार, फक्त जाड. एक गिअर बदलते: पुढे, न्यूट्रल, मागे. दुसरी थ्रॉटलची, वेग कमीजास्त करणारी. थ्रॉटल ठीक होता. गिअरचंच काहीतरी उलटं होतं.

“शेठ, बोटीत काही बदल केला का?”

“काय नाय.”

मग मी इंजिनाचं झाकण उघडलं. पिन बघितली, गंज बघितला, ग्रीस भरलं, केबलची लांबी जुळवली. दोन तास गेले. शेठच्या मेहुण्याने पंखा उलटा बसल्याचं जाहीर केलं. आत्याबाईंनी नजर लागली म्हणून केबललाच लिंबू-मिरची बांधली. सोडली असती तर पुढचं सगळं माझ्या माथी आलं असतं, म्हणून मी लिंबासकट केबल तपासली.

शेवटी कंटाळून डोकं वर केलं, तर उजव्या बाजूला देवीचा फोटो आणि त्याच्या खाली स्क्रूची चार ताजी भोकं. लिव्हरचा डबा मात्र डावीकडे.

“हा डबा आधी उजवीकडे होता?”

“होता ना. देवी उजव्या हातालाच पायजे. तिला जागा केली.”

“मग मघाशी बदल नाही म्हणालात?”

“हा काय बदल हाय, सावंत? ही देवी हाय!”

उजवीकडचा डबा डावीकडे नेला की तो पाठमोरा बसतो. त्याचं पुढे ते मागे होतं. डबा उघडून केबल विरुद्ध बाजूच्या पिनला लावली. पंधरा मिनिटांचं काम. खाडीत तीन फेऱ्या मारल्या, बोट शहाण्यासारखी पुढे. श्रेय लिंबाला गेलं.

सकाळी साडेनऊला फेटा बांधलेला नवरदेव बोटीत बसला. बँड सुरू झाला. मोरेश्वर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आदला दिवसभर हळदीत नाचत होता, त्यामुळे आमची गाठच पडली नव्हती. त्याने झोकात लिव्हर मागे ओढला. बोट धाडकन जेट्टीच्या टायरांवर आदळली, फेटा करवलीच्या मांडीवर.

“अहो, पुढे ढकला!”

“सायेब, डबा हलवल्यापासून आठ दिवस मी मागं वढूनच पुढं नेतोय. हात बसलाय आता.”

“मग कुणाला सांगितलं का नाही?”

“कोनी इचारलाच नाय.”

दुसऱ्यांदा आठवून आठवून ढकलायला गेला, ऐनवेळी हाताने ओढलंच. पुन्हा धाडकन. नवरदेव रडायचा बाकी होता. पावणेदहा झाले होते आणि पाणी उतरायला लागलेलं दिसत होतं.

मी डबा पुन्हा उघडला. वीस वर्षांत पहिल्यांदाच नीट जोडलेली केबल स्वतःच्या हाताने उलटी जोडली. लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू. वर मार्करने लिहिलं: ‘पुढे जाण्यासाठी मागे ओढा.’ मोरेश्वरने ओढला. दहाला पाच कमी असताना वरात सुसाट पुढे निघाली.

लांबून शेठ ओरडले, “सावंत, कालच असा सरळ करायचा ना!”

हल्ली कुठल्याही बोटीवर गेलो की झाकण नंतर उघडतो. आधी विचारतो, बोट चालवतो कोण? त्याला बोलवा.