कॅमेऱ्यावरचा स्टिकर

सूनबाईनं आणलेला फोन माझ्या तळहातात पूर्ण मावतो आणि वरून बोटंही मिटतात. आधीचा फोन थोराड होता. माझा उजवा हात अलीकडे कापतो, त्यामुळे तो दोनदा मोरीत पडला आणि एकदा थेट आमटीत. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला लहान चणीचा बघते." लहान म्हटल्यावर मला वाटलं, त्यात काहीतरी कमी असणार. लहान घागरीत पाणी कमीच मावतं. पण ह्या फोनात काहीही कमी नव्हतं. त्यात मेल येतो, आळंदीचं कीर्तन दिसतं, सिनेमा दिसतो, माणसं समोर बसल्यासारखी बोलतात. एवढीशी वस्तू खिशात हलकी असते आणि उघडली की संपतच नाही. पहिले काही दिवस मी ती नुसती उलटसुलट करून बघत बसायचो.

"आता त्याच्याशीच बोला," बायको म्हणाली. "मला काय इचारू नका."

"अगं, ह्यात तू पण हायेस." मी तिला तिचा सकाळी काढलेला फोटो दाखवला.

तिनं डोळे बारीक करून बघितलं. "मी एवढी काळी न्हाई," म्हणाली आणि आत गेली.

फोन आला त्या दिवशीची एक गोष्ट मात्र मी कुणाला बोललो नव्हतो. नव्या फोनच्या मागं, कॅमेऱ्याच्या काचेवर एक पातळ पारदर्शक कागद चिकटवलेला होता. सूनबाईनं त्याचा कोपरा नखानं उचलला आणि तो सर्रकन काढला. तो आवाज ऐकून मी बसल्या जागेवरून उठलोच. "काय झालं, बाबा?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही." ते काय होतं, हे आता लिहितो.

मी चाकणजवळच्या कुरुळीचा. आमच्या शिवारात कारखाने आले तशी शेती गेली आणि उतारवयात मी गेटवर सिक्युरिटीत लागलो, ते एका गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या गेटवर. कंपनीचा नियम असा की कामगारांनी फोन गेटवर जमा करायचे आणि टोकन घ्यायचं. ज्यांना फोन आत न्यायची परवानगी असेल, त्यांच्या कॅमेऱ्यावर गोल स्टिकर लावायचा. आत अजून बाजारात न आलेल्या गाड्या असत, त्यांचा फोटो बाहेर जाऊ नये म्हणून. सकाळी स्टिकर चिकटवायचं काम माझं होतं. सुटताना ते तपासून काढायचं काम दुसऱ्या गार्डचं. मी रोज किती तरी स्टिकर चिकटवले, पण एकही कधी काढला नव्हता.

तिथं ठेकेदाराकडे लातूरकडचा एक वेल्डर होता. तिशीच्या आतला, हसतमुख. त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच शिफ्टला होता. दोघं माझ्याच भावकीतल्या एकाच्या खोलीत भाड्यानं राहत. वेल्डरची बायको तेव्हा गावी होती, पोटुशी. तिचा फोन कधीही येईल म्हणून सुपरवायझरनं त्याला फोन आत न्यायची परवानगी दिली होती.

तो फोन त्यानं नवाच घेतला होता. पहिल्या दिवशी गेटवर तो म्हणाला, "काका, हात पुढं करा." मी हात पुढं केला. त्यानं फोन माझ्या हातावर ठेवला. साबणाच्या वडीएवढा.

"एवढासा?" मी म्हणालो.

"एवढासाच. पण ह्यात पिक्चर बघतो, बायकोशी बोलतो, मेल बी येतो."

"तुला कोण मेल करतंय रे, राव?"

"कंपन्यांत जागा निघल्या की येतो की! तुमच्या केबिनीत बसून मॅनेजर होतो का न्हाई बघा."

माझ्याकडे तेव्हा बटणांचा फोन होता. आत चार्जिंगला बंदी असल्यानं वेल्डर दुपारी जेवण झालं की गेटवर येऊन फोन माझ्या केबिनीत लावून जायचा. बायकोची बहुतेक बोलणी तोवर झालेली असत. "गाणी ऐका काका, तोवर," म्हणायचा. उघडायचा पॅटर्नही त्यानंच मला शिकवला होता. माझ्यावर तेवढा विश्वास होता त्याचा.

अशाच एका दुपारी ट्रक नव्हते, केबिनीत पंखा घरघरत होता. मी त्याचा फोन उघडला. एक सिनेमा लागला. त्यातली नटी रडत होती आणि तिच्या पापणीवरचं पाणी मला वेगळं दिसत होतं. एवढ्याशा काचेत! मग कशावर तरी बोट पडलं आणि काच काळी झाली. बिघडला की काय म्हणून मी घाबरलो. मग ध्यानात आलं, हा कॅमेरा आहे आणि त्याच्यावर मीच सकाळी लावलेला स्टिकर आहे.

मी तो स्टिकर नखानं काढला. का काढला, ह्याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. बघावंसं वाटलं, एवढंच.

फोनमध्ये एकदम उजेड आला. गेट, रस्ता, कॅन्टीनकडची हिरवळ, आणि पलीकडं कंपनीनं न तोडता ठेवलेला लिंब. तो आमच्या बांधावरचा. त्याच्या बुंध्याला आमचे बैल बांधलेले असत. माझ्या डोळ्यांना तो कित्येक वर्षं नुसता हिरवा ढीग दिसायचा. वेल्डर फोटो मोठा कसा करायचा ते मला दाखवायचा, तशी मी दोन बोटं काचेवर फाकवली. लिंब जवळ आला. अजून जवळ आला. त्याची पानं सुटी सुटी दिसायला लागली. बुंध्यावर आमच्या दाव्यानं पडलेला खळगा दिसला. इतक्या लांबून! मी बोट दाबलं आणि कच् असा आवाज झाला.

मग भानावर येऊन मी स्टिकर परत जागच्या जागी चिकटवला. मला वाटलं, संपलं.

ते स्टिकर असे असतात की एकदा उचलले की त्यांच्यावर इंग्रजी अक्षरं उमटतात. हे मला माहीत नव्हतं. शिफ्ट सुटताना दुसऱ्या गार्डनं ती अक्षरं बघितली आणि सिक्युरिटी ऑफिसरला बोलावलं. त्यांनी फोन उघडायला लावला. आत लिंबाचा फोटो होता आणि लिंबामागं काळंपांढरं आवरण घातलेली एक नवी गाडी उभी होती. मी शपथेवर सांगतो, मला ती गाडी दिसलीच नव्हती. माझं लक्ष बुंध्यावर होतं.

"साहेब, मी न्हाई काढला," वेल्डर म्हणाला. तो पांढराफटक पडला होता.

"मग फोन काय आपोआप फोटो काढतो? कुणाजवळ होता फोन?"

"जेवताना मेव्हण्यानं पिक्चर बघायला घेतला होता. मग मी काकांच्याकडं चार्जिंगला दिला."

साहेब माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "नुसता चार्जिंगला होता, साहेब. मी हात बी लावला न्हाई."

माझं खोटं एवढंच, दोन वाक्यांचं. तो फोटो कुठल्या क्षणी काढला, हे त्या फोनला ठाऊक होतं. पण कुणी फोनला विचारलं नाही. साहेबांनी रागारागानं फोटो पुसून टाकला. लिंब कॅन्टीनजवळ, मेव्हणा कॅन्टीनमध्ये जेवलेला. वेल्डरनं मान वळवून मेव्हण्याकडं बघितलं. ती नजर मी बघितली, पण तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मला वाटलं, तो घाबरलाय.

फोन वेल्डरचा, म्हणून त्याचा गेटपास त्याच वेळी काढून घेतला. ठेकेदारानं दुसऱ्या ठेकेदारांना सांगितलं आणि चाकणच्या पट्ट्यात त्याला कुणी उभं केलं नाही. तो गावी गेला. कुरुळीत पुढं बरेच दिवस 'तो फोटो विकणारा' म्हणून त्याची गोष्ट सांगितली जायची. चहाच्या टपरीवर ती निघाली की मी पैसे ठेवून उठायचो. पण तोंड उघडलं नाही. मी निवृत्त झालो, दहा-बारा वर्षं गेली, आणि सूनबाईनं त्या नव्या फोनवरचा कागद काढला.

आधी मी कंपनीला मेल केला. मला टाइप करता येत नाही. सूनबाई म्हणाली, माईकच्या खुणेवर बोट ठेवा आणि बोला. मी ओट्यावर एकटा बसलो आणि बोललो. मी बोलत होतो आणि अक्षरं एकामागून एक काचेवर उमटत होती. मी अडखळलो की तीही थांबायची. जे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं ते फोन शांतपणे लिहून घेत होता. पाठवल्याबरोबर कंपनीचं उत्तर आलं. मी हरखलो. सूनबाईनं वाचून दाखवलं: आपला मेल मिळाला, ह्या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.

"हे कोण लिहितं?" मी विचारलं.

"कुणी नाही, बाबा. मशीन पाठवतं." मग तिनं खालचा माझा मेलही वाचला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "ज्याचं नुकसान झालं त्याला सांगा ना. कंपनीला काय पडलंय?"

भावकीतल्या घरमालकाकडं वेल्डरचा नंबर होता. नुसता आवाज लावणं सोपं होतं, पण त्याला माझं तोंड दिसायला हवं होतं, म्हणून मी व्हिडिओ लावला. सकाळची वेळ होती. काचेत आधी पत्रे दिसले, ठिणग्या दिसल्या, मग त्याचं तोंड. केस पिकलेले. तो गावाकडं आता ट्रॉल्या बनवतो.

"आवो, गेटवरचे काका! किती वाळलाव तुमी!" त्याला खरोखर आनंद झाला होता. मला त्याच्या दाढीचे खुंट दिसत होते. एवढ्या लांबचा माणूस इतका जवळ, आणि मला त्याच्याकडं बघवेना.

मी सांगितलं. स्टिकर, लिंब, साहेबांपुढं बोललेलं खोटं.

"परत सांगा," तो म्हणाला.

मी परत सांगितलं.

"थांबा जरा." तो चालायला लागला. काचेत जमीन हलली, आभाळ फिरलं, एक कोंबडी पळाली, मग अंधारं दार आलं. "हिला सांगा," त्याचा आवाज आला.

समोर त्याची बायको होती, हाताला पीठ. मी तिसऱ्यांदा सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि नवऱ्याकडं वळून म्हणाली, "म्हंजी माझ्या भावानं न्हाई काढला."

मला कळेना. तेव्हा वेल्डरनं सांगितलं. माझ्या दोन वाक्यांनंतर त्यानं हिशेब मांडला होता: काकांनी हात लावला नाही, म्हणजे जेवताना मेव्हण्यानंच काढला. त्यानं मेव्हण्याला खोलीतून घालवलं. मेव्हणा शपथा घेत राहिला. तेव्हापासून बहिणीनं भावाला राखी बांधली नव्हती. त्यांची आई वारली तेव्हाही दोघं वेगवेगळ्या कोपऱ्यात बसले होते. पोराला मामा ठाऊक नव्हता. एका माणसाची नोकरी घालवली एवढंच ओझं मी इतकी वर्षं वागवत होतो. हे दुसरं मला माहीतही नव्हतं.

"फोन ठेवू नका, काका," ती म्हणाली. "मी त्याला ह्यातच घेते."

तिनं पिठाच्या बोटानं काहीतरी दाबलं. काचेचे तुकडे झाले. एकात मी, एकात ते दोघं, आणि एकात नुसती रिंग वाजत होती. मग तिथं पिंपरीकडच्या चिखलीतलं एक वर्कशॉप आलं. ग्राइंडर किंचाळत होता. कपाळाला काळं लागलेला एक माणूस डोळे बारीक करून बघत होता.

"अक्का?" तो म्हणाला. मग मागं वळून ओरडला, "ए, मशीन बंद कर रे!"

लातूरकडचं एक घर, चिखलीचा कारखाना आणि माझा ओटा त्या वीतभरही नसलेल्या काचेत शेजारी शेजारी बसले होते. मी चौथ्यांदा सांगितलं.

"काका," मेव्हणा म्हणाला, "मी त्या गेटवर पुढं वरीसभर कामाला होतो. तुमी रोज सकाळी मला राम राम घालत होताव."

"व्हय," मी म्हणालो.

"आमाला फोनवर सांगून काय उपेग? तिथं सांगा, जिथं आमाला चोर म्हणलं. कुरुळीत सांगा."

"सांगतो."

"नुसतं बोलू नका. लिहून सांगा. आमची नावं लिहू नका, तुमचं काम लिहा." म्हणून हे लिहिलं. टपरीवर वाचूनही दाखवणार आहे.

मग तो वेल्डरकडं वळला. "भाऊजी, तुमी काय म्हणताव?"

वेल्डरनं हात जोडले. त्याच्या बायकोनं मागं वळून कुणाला तरी हाक मारली आणि एक शाळेच्या कपड्यांतलं पोर काचेत शिरलं. "हे बघ, तुजा मामा," ती म्हणाली. पोरानं तिन्ही तुकड्यांकडं बघून बोट माझ्यावर ठेवलं. "ह्यो?"

"तो न्हाई रे," वेल्डर म्हणाला आणि चिखलीतला माणूस एकदम हसला, हसता हसता त्यानं काळ्या हातानं डोळे पुसले.

ते बोलायला लागले. शाळा कुठली, आईचं घर कुणाकडं, गुडघा दुखतो का अजून. मला कुणी जा म्हटलं नाही, आणि थांबाही म्हटलं नाही. कोपऱ्यातल्या तुकड्यात माझं तोंड तसंच बघत होतं. मी लाल खूण दाबली. काच काळी झाली आणि मी धसकलो. ओट्यावरून सूनबाईला हाक मारली.

"अगं, मी बंद केला. त्यांचं पण तुटलं का?"

"नाही, बाबा," ती आतून म्हणाली. "तुम्ही तेवढे बाहेर पडलात. त्यांचं चालू असेल."