सातवी चिठ्ठी

लोणच्याची बरणी उघडली की मला माझ्या पोरीच्या, काजलच्या शाळेची सोडत आठवते. नाशकातल्या त्या शाळेत मोफतच्या जागा सात, आणि आईबाप हॉलभर. चिठ्ठ्या लोणच्याच्याच बरणीत टाकलेल्या. बरणी धुतलेली, पण मोहरीचा वास काय गेला नव्हता.

एक रिक्षावाला उठला. "मॅडम, वाचता येणारा माणूस आत डोकावून नाव निवडील."

"मग वाचता न येणारं कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

मी झटक्यात हात वर केला. शाळेत हात वर करायची माझी ती पहिलीच वेळ. बायकोनं पदरात तोंड लपवलं.

सहा चिठ्ठ्या लोकांच्याच पोरांच्या निघाल्या. सातवी उघडून मॅडमसमोर धरली, तर त्या म्हणाल्या, "काजल."

"स्वतःचीच पोरगी काढली की," मागून कोणीतरी बोललं.

तोच रिक्षावाला परत उठला. त्याच्या पोराचं नाव निघालं नव्हतं. "ओ, त्यानं सातही चिठ्ठ्या उलट्या धरल्यात. मी बघत होतो."

आता सोडत कॉम्प्युटर काढतो. काजल कॉलेजला हाय, मला अक्षरं शिकवते म्हणते. मी म्हणतो, राहू दे बाई, कॉम्प्युटर बंद पडला तर लोकं मलाच बोलावतील.