बोंबलांचं ऊन

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत गच्चीवर सौर पॅनल बसले आणि लिफ्टचं बिल नावापुरतं उरलं, तेव्हापासून मी भेटेल त्याला विजेवर व्याख्यान देते. शाळेत विज्ञान शिकवते, खोड जाणार कुठे? फेब्रुवारीत मुरुडला जायचं ठरलं तेव्हा नवऱ्याने, श्रीधरने, एकच अट घातली: सुट्टीत पॅनलचा विषय नको. मी कबूल केलं.

तुम्ही निघणार असाल तर भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याची बोट घ्या. शनिवार-रविवारचं तिकीट मात्र आधीच काढून ठेवा. थळच्या कारखान्याची चिमणी मागे पडली की अलिबाग आलंच. तिथून पुढे रस्ता अरुंद आहे आणि समोरून एसटी आली की थांबण्यातच शहाणपण.

पहिला मुक्काम नागावला, पर्यटकांना खोल्या देणाऱ्या विद्याताईंच्या वाडीत. संध्याकाळी त्यांनी मडक्यातली पोपटी खिलवली. वालाच्या शेंगांना भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास लागलेला, हात थांबेना. त्यांच्या छपरावरही पॅनल होते. काही वर्षांपूर्वी चौकशी केली तेव्हा किंमत ऐकूनच त्यांनी विषय सोडला होता. आता पॅनल इतके स्वस्त झालेत की पाहुण्यांचे एसी त्यावरच चालतात. फक्त सावली पडायची म्हणून दोन माड तोडावे लागले, असं म्हणून त्यांनी सोलकढी पुढे केली. मी श्रीधरकडे विजयी नजरेने पाहिलं. माडांचा विचार मी त्या वेळी केला नाही.

दुसऱ्या दिवशी रेवदंड्याचा पूल ओलांडून, कोर्लई-काशीदवरून मुरुडकडे निघालो. मुरुडच्या अलीकडे एका कोळीवाड्यात सुकट घ्यायला थांबलो. वाड्याचं नाव मुद्दाम देत नाही. समुद्रालगतच्या मोकळ्या जागेवर बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या. वलांडी म्हणजे बोंबील वाळवायचा सांगाडा. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगतात. हिराबाई नावाच्या साठीच्या बाई न बघता भराभर जोड्या टांगत होत्या. किती छान, ही खरी सौरऊर्जा, असं मी म्हणून गेले. त्यांचा हात थांबला.

“तुमी पन पॅनलवाल्या का?” त्यांनी विचारलं.

मग सगळं कळलं. गावातल्या मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना आहे आणि त्याचं वीजबिल सोसायटीचं कंबरडं मोडतं. पॅनल आता सोसायटीलाही झेपतील असे झालेत. कारखान्याचे पत्रे जुने, वजन पेलणार नाहीत. जेट्टीवरच्या लिलावाच्या शेडचं छप्पर मोठं आहे, पण ती शेड दुसऱ्या खात्याची, आणि ते खातं दाद देत नाही. म्हणून रिकामी जागा शोधली गेली. सापडली ती ही, वलांड्यांची.

“पण ही रिकामी कुठे आहे?” मी विचारलं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्याआधी वलांड्या उतरवायच्या, बांबू घरात आढ्याला बांधून ठेवायचे आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा उभ्या करायच्या, अशी इथली रीत. कुणाची वलांडी कुठे, हे सगळ्यांना पाठ. खुणेचा दगडसुद्धा नाही. मोजणीवाले आले ते भर पावसात.

“त्यांनी इचारला, हिते कोन काय करतं का,” हिराबाई म्हणाल्या. “मी बोल्ली, पावसाचं कोन काय करनार? न्हाय करत कोनी. टेपचा एक टोक मीच धरला, बाय. वर चाय पाजली.”

पॅनल उंचावर बसवून खाली बोंबील वाळवता येतील, असं मी शिक्षकी उत्साहाने सुचवलं.

“सावलीत बोंबील सुकत न्हाय. कुजतं,” त्या म्हणाल्या. “ऊन आता सस्ता झाला बोलतात. आमाला तं तो पयल्यापासून फुकटच हाय.”

त्यांचा मुलगा गणेश होडीवरून परतला होता. त्याला पॅनल हवे आहेत. आईसमोरच तो म्हणाला, “आईचा बरोबर हाय. पन बर्फ परवडला न्हाय का मी मासली पडेल भावात देतो, ते पन बरोबर हाय.” मायलेक एकमेकांकडे बघत नव्हते. घरात बरेच दिवस हेच चाललं असणार. मी सुकट घेतली, दोघांचे फोन नंबर घेतले आणि आम्ही निघालो. मुरुडला जेवण चांगलं होतं, हलवा माशाची तुकडी ताजी होती, पण त्या दिवशीचं मला फारसं आठवत नाही.

घरी आल्यावर गच्चीवर गेले. पॅनल वाईट नाहीत, हे मी आजही म्हणेन. पण पॅनल महाग होते तेव्हा धोरण म्हणजे अनुदान, एवढं पुरत होतं. आता पॅनलही स्वस्त झाले, पवनचक्क्याही स्वस्त झाल्या. महाग राहिली ती जागा. आणि जागेचा प्रश्न पावसातल्या एका फेरीत सुटत नाही. बाराही महिने तिथे कोण असतं ते बघावं लागतं. एका खात्याचं छप्पर दुसऱ्याला मिळत नाही म्हणून कुणाचं अंगण जावं, याचा मला राग येतो.

आषाढात गणेशने व्हिडिओ पाठवला. जागेचा निर्णय अजून झालेला नाही. धो धो पावसात सगळ्या वलांड्या रिकाम्या उभ्या होत्या. या वर्षी बायकांनी त्या उतरवल्याच नाहीत. मी हिराबाईंना फोन केला. बांबू वाया जातील ना, विचारलं.

“कुजतील,” त्या म्हणाल्या. “पन आता कोनी आला तं त्याला दिसंल.”

व्हिडिओ मी पुन्हा पाहिला. प्रत्येक सांध्याला निळी नवी दोरी होती, होडीवरची. वाऱ्यात वलांड्या पडू नयेत म्हणून गणेशनेच रात्रीतून सगळ्या आवळून बांधल्या, असं हिराबाईंनी सांगितलं होतं.