बरणीबाई आणि उडता सरडा

शेजारच्या बरणीबाईंना जंगलातून परत आणायची कामगिरी माझ्यावर होती, हे आधीच कबूल करते. नंतर कुणी माझ्या नावानं खडे फोडायला नकोत.

बरणीबाई हे नाव मीच पाडलं. एकतीस वर्षं त्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. तिसऱ्या मजल्यावर खिडकीशेजारी एक काचेचं कपाट होतं आणि त्यात बरण्यांतून औषधी पाण्यात बुडवलेले प्राणी: साप, बेडूक, विंचू, एक रागीट वटवाघूळ. बरण्या पुसायच्या, पाणी उतरलं की भर घालायची, झाकणाला मेण लावायचं, चिठ्ठी सुटली की चिकटवायची. संध्याकाळी जिन्यात तो औषधी वास आला की आम्ही म्हणायचो, "आल्या." नवरा गेला तेव्हासुद्धा पाचव्या दिवशी बाई कामावर हजर. म्हणे, माझ्या सापांचं पाणी कोण बघणार? नवऱ्याचं पाणी तरी इतकं बघितलं होतं की नाही, देव जाणे.

त्यातला लाडका म्हणजे उडता सरडा. वीतभर लांब, पंख पसरून काचेच्या पट्टीवर दोऱ्यानं बांधलेला. दोरा कुजला की बाई स्वतः नवा बांधायच्या, पंख अगदी ताणून. विज्ञानाचे मास्तर दरवर्षी तीच बरणी वर्गात फिरवून सांगायचे, "उडता म्हणतात खरं, पण हा उडत नाही. वरून खाली पडतो."

मागून बाई विचारायच्या, "सर, तुम्ही पाहिलंय?"

मुलं खिदळायची. मास्तर पुढचा धडा काढायचे.

निवृत्तीच्या दिवशी मास्तरांनी भाषणात षटकार मारला. "बाई माझ्याशी एकतीस वर्षं भांडल्या, तेही एका मेलेल्या सरड्यासाठी!" सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. आठवड्याच्या आत त्यांच्या दारात एक भलीमोठी पाठपिशवी येऊन पडली. सहा दिवस पायी, सदाहरित जंगलात, सात-आठ जणांच्या तुकडीबरोबर बाई उडता सरडा बघायला निघाल्या होत्या.

त्यांच्या मुलानं आकाशपाताळ एक केलं. "आई, एकसष्टाव्या वर्षी? त्या गुडघ्यानं?"

"गुडघा मी बरोबर नेणार आहे. तू नको काळजी करू."

सून तेवढी शहाणी. "आई, मोजे जास्तीचे घ्या," म्हणाली आणि नवऱ्याचे दोन जोड उचलून पिशवीत कोंबले.

मग मुलानं मला जिन्यात गाठलं. "काकू, तुम्ही जा ना बरोबर. दुसऱ्या दिवशी नदी लागते, तिथून मागे फिरता येतं. तेवढ्यानं हौस भागेल तिची. तिथून घेऊन या तिला."

मी हो म्हटलं. मला कुणाच्या आईची काळजी नव्हती. फुकट गंमत बघायला मिळत होती.

गंमत म्हणजे काय, ते पहिल्याच दिवशी कळलं. त्या जंगलात ऊन जमिनीवर पोचतच नाही. सगळं ओलं: वाट ओली, झाडं ओली, अंगातला सदरा वाळत घालावा तर अजून ओला. जळवा तर माझ्यावरच टपलेल्या. बाईंच्या पायावर एक चढली तर बाईंनी ती चिमटीत धरून निरखली. "अगोबाई, ही हिरवट आहे! आमच्याकडची पांढरी पडली होती." एकतीस वर्षं त्या पाण्यात राहून बाईंचे सगळे प्राणी उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचे झाले होते. त्यामुळे इथं प्रत्येक बेडकापाशी बाई थबकायच्या, जणू ओळखीचा माणूस लग्नाच्या कपड्यात भेटला.

सरडा मात्र दिसेना. बाई मान वर करून चालत होत्या आणि मुळांना अडखळत होत्या. नदीपाशी पोचेपर्यंत गुडघा चांगलाच टम्म फुगला.

वाटाड्या गडी समंजस, पण स्पष्ट बोलणारा. सकाळी त्यानं गुडघा दाबून पाहिला. "बाई, पलीकडे गेलं की सहाव्या दिवसापर्यंत मागे फिरायची वाट नाही. तुम्ही इथूनच परत. आपला हमाल खाली निघालाच आहे."

मी तोंड पाडून म्हटलं, "अरेरे!" आणि मनात म्हटलं, सुटले.

"मी सरडा बघितलेला नाही," बाई म्हणाल्या.

"तो काय समोर!" वाटाड्यानं काठावरच्या झाडाकडे बोट केलं. खोडावर खोडासारखाच एक किरकोळ सरडा चिकटला होता. गळ्याखालची पिवळी कातडी पताकेसारखी उघडत-मिटत होता.

बाईंनी तुच्छतेनं पाहिलं. "हा नव्हे. हा साधा आहे. त्याला पंख असतात, असे." आणि दोन्ही हात पसरून दाखवले.

"अहो, ते मिटलेले असतात!"

"माझ्याकडच्याचे कायम उघडे असायचे."

"कुणीतरी उघडून बांधले असतील."

बांधणाऱ्या स्वतः बाईच. दोन दिवस उघड्या पंखांचा सरडा शोधत होत्या आणि मिटल्या पंखांचे किती मागे सोडून आल्या होत्या, कुणास ठाऊक.

तेवढ्यात त्या किरकोळ सरड्यानं खोड सोडलं. आधी दगडासारखा खाली आला. मग दोन्ही बाजूंना नारिंगी पंख फटकन उघडले, नदीच्या मधोमध तो थोडा डावीकडे वळला आणि पलीकडच्या झाडाच्या बुंध्याला अलगद जाऊन चिकटला. पंख मिटले. पुन्हा साधा सरडा.

"पाहिलंत?" वाटाड्या म्हणाला. "खरं तर उडत नाहीत ते. हवेवरून घसरत खाली येतात."

तिथं बाई पेटल्या. "तुम्हीही मास्तर का? पडणाऱ्याला वळता येतं? कुठल्या झाडावर जायचं ते त्यानं ठरवलं आणि गेला. याला पडणं म्हणतात होय?"

वाटाड्या हसला. "बरं, उडतो. झालं समाधान? आता निघा."

"निघतेच," बाई म्हणाल्या. पाठपिशवी चढवली, नदीवर आडव्या टाकलेल्या ओंडक्यावर घोड्यावर बसावं तशा बसल्या आणि हातांनी स्वतःला पुढे ढकलत निघाल्या. गुडघ्याला कामच ठेवलं नाही. मी ओरडले, वाटाड्या ओरडला. मधे ओंडका हलला तेव्हा आम्ही ओरडायचंही थांबलो. बाई पलीकडे उतरल्या, शेवाळलेला पार्श्वभाग झटकला आणि वळून म्हणाल्या, "आता मला परत पाठवायचं तर आधी तुम्हाला इकडे यावं लागेल!"

तुकडीतल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. वाटाड्यानं डोक्याला हात लावला आणि पिशवीतून गुडघ्याला गुंडाळायची पट्टी काढली. "हळू चालायचं, मी सांगेन तिथं बसायचं. कबूल?"

"बघू," बाई म्हणाल्या.

आणि मी? मी ओंडक्याकडे पाहिलं, पायाच्या फोडांकडे पाहिलं आणि हमालाच्या मागून खाली निघाले.

परत आले तेव्हा बाईंच्या घराचं दार मुलानंच उघडलं. माझ्यामागे जिन्यात डोकावून विचारलं, "आई कुठंय?"

"पलीकडे."

"काकू, तुम्हाला तिला आणायला पाठवलं होतं ना?"

आतून सून फिसकन हसली.

"हो रे बाबा," मी म्हटलं. "आता तूच जा. नदीपर्यंतची वाट सोपी आहे."