उडदाची लाटी

आमच्या रिसोडच्या गल्लीत पापड एकटीनं लाटायची पद्धत नाही. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन सगळ्या जमतात. लाटता लाटता उडदाच्या पिठाची कच्ची लाटी तेलात बुडवून खायची, ही त्या दिवसाची खरी मजुरी. पंधरा वर्षं मी प्रत्येकीच्या घरी लाटले आणि लाट्याही दाबून खाल्ल्या.

त्या उन्हाळ्यात माझा सोरायसिस कोपरांवरून तळहातांवर उतरला. कातडी भेगाळायची, पांढरा कोंडा पडायचा. वाशीमच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की हा कोणाला लागत नाही. मी गल्लीत दहादा सांगून थकले. तरी ज्या घरी जावं तिथं मला एकच काम. "वहिनी, तुमी गच्चीवर बसा, कावळे हाका." वैशाखाच्या उन्हात! जीव जळायचा, पण मी मुकाट बसायचे. माझी पाळी शेवटी होती. माझ्याकडे कोणी आलंच नाही तर? एवढीच धास्ती होती.

माझ्या दिवशी मी पिठाला हात लावला नाही. कॉलेजात जाणाऱ्या लेकीला घरी ठेवलं. तिनंच मळलं, तिनंच कुटलं, दोऱ्यानं लाट्याही तिनंच कापल्या. नऊ वाजले, साडेनऊ झाले. मी दारातून हलले नाही. दहाला चौघी आल्या, तेव्हा मला रडू यायचंच बाकी होतं.

लेकीनं लाट्यांची ताटली आणि तेलाची वाटी मधोमध ठेवली. लाटणी फिरत राहिली. ताटलीकडे मात्र कोणाचा हात जाईना.

"घ्या ना वो," मी म्हटलं.

"मले आज उपास हाय," एक म्हणाली.

"माही दाढ ठणकून राह्यली," दुसरी.

तिसरीला पित्त झालं होतं. शेजारच्या काकू मान खाली घालून लाटत होत्या. ठणकणाऱ्या दाढेनं परवाच आठ लाट्या खाल्लेल्या मी गच्चीच्या जिन्यातून पाहिल्या होत्या. माझं डोकं फिरलं.

"पीठ माह्या लेकीनं मळलं, मी हातबी लावला नाही. लाटायले चालते, मंग खायले काहून चालत नाही? खरं सांगा, नाहीतर उचला आपापले पोळपाट!"

"आई, गप!" लेक कळवळली. पण आता कसली गप्प बसते मी.

उपासवाली उठली. "आमी कामाले आलो बाप्पा, बोलणी खायले नाही." तिच्यामागे दाढ गेली, पित्तही गेलं.

काकू उरल्या. आता याही उठतील आणि पुढच्या वर्षी मला गच्चीवर बसायलाही कोणी बोलावणार नाही, हे मला दिसत होतं. त्यांनी लाटणं खाली ठेवलं. माझ्या तळहातांकडे सरळ पाहिलं. मग एक लाटी उचलून तेलात बुडवली आणि तोंडात टाकली. चावताना त्यांनी डोळे मिटले होते. कशीबशी गिळली.

"भेव लागते ना, काकू?" मी विचारलं.

"लागते तर. लई लागते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी लाटी उचलली.