अहिल्याकाकूंचा वाळूवरचा सडा

रोज सकाळी अमेरिकेतल्या अल्फारेटाहून गाडी हाकत प्राणिसंग्रहालयात पाखरांची भांडी घासायला जाणारी बाई म्हणजे आमच्या अहिल्याकाकू. मुलगा म्हणतो, "आई, आराम कर." काकू म्हणतात, "तो तुझा सोफा करतोय की!"

पक्षीघरात त्यांचा जीव अडकला होता इजिप्शियन प्लव्हरच्या जोडीत. नाव इजिप्तचं, पण तिथून हा पक्षी कधीच नाहीसा झाला. आता वस्ती सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, नद्यांमधल्या वाळूच्या बेटांवर. घरटं कसलं नि काय! अंडी वाळूत पुरायची, आणि ऊन तापलं की नदीत पोट भिजवून त्यांच्यावर येऊन बसायचं.

तीन वर्षं या जोडीला पिल्लू नव्हतं. यंदा दोन अंडी आली, आणि ती फुटायला चार दिवस उरले असताना नराचा पाय दुखावला. त्याला दवाखान्यात हलवलं. वर काचेचं छत, बाहेर जॉर्जियाचा जुलै. एकटी मादी किती खेपा घालणार?

"काकू, एग्ज इन्क्युबेटरमध्ये शिफ्ट करते," पक्षीघराची प्रमुख रुचा म्हणाली. पोरगी इथेच जन्मलेली. "रिस्क नको."

"खबरदार, हात लावशील तर! नागपूरच्या मे महिन्यात रांजणाखालची वाळू ओली ठेवलीय मी, जन्मभर. ही तर टीचभर जागा."

रुचाने वाळूत थर्मामीटर खुपसला. "ओके. पण टेम्परेचर एकदा जरी वर गेलं, तर मी उचलणार."

काकूंनी पाण्याचा मग भरला आणि अंगणात सडा घालावा तसा झोकात फेकला. झालं! वाळू सरकली आणि अंड्याचं टोक उघडं पडलं. मादीने धावत येऊन चोचीने वाळू ओढली, तेव्हा कुठे काकूंनी श्वास सोडला.

त्यानंतर मात्र बोटांनीच, थेंब थेंब. चार दिवस वाळू पांढरी पडू दिली नाही. डबाही तिथेच खाल्ला. पारा जागचा हलला नाही.

पाचव्या सकाळी काकू पाण्याचा मग घेऊन आत शिरल्या. मादीशेजारी सुपारीएवढी दोन पिल्लं! काकूंना पाहताच मादी ओरडली, पिल्लं वाळूत दबकली, आणि तिने भराभर वाळू उडवून दोघांना पार पुरून टाकलं.

"काकू! व्हॉट इज शी डुइंग?" रुचा दारातून किंचाळली.

"माझ्यापासून लपवतेय," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या. "शहाणी गं माझी बाई! चल, आपण बाहेर जाऊ."